लोखंडाशी ओळख – ९ : पत्र्याला पडलेलं भोक

गेल्या आठवड्यात ५ मिमीच्या पट्टीवर सरळ रेघ जमली आणि आता थेट गेटच करायला घ्यावं असं अनेकांना वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. त्या भरात मी कुंड्यांसाठी स्टँड करायला घेतला. २५ बाय २५चा चौकोनी पाइप, १८ गेजचा, म्हणजे भिंत जेमतेम १.२ मिमी. वेल्डिंग मशीनवर करंट पट्टीचाच राहिला होता. रॉड टेकवला. काळ्या काचेतून पिवळा थेंब दिसला, त्याच्या मधोमध एक काळा ठिपका उमटला आणि पुढच्या क्षणी पाइपात बोट जाईल एवढं भोक. बुजवायला गेलो तर त्याच्या कडाही गळून पडल्या. शेजारी फॅब्रिकेशन करणारे मामा बघत होते. म्हणाले, "चिकटवता येतं तुला. थांबता येत नाही."

पोलाद साधारण १५०० अंश सेल्सिअसला वितळतं, रॉड आणि लोखंडाच्या मधे पेटणारी आर्क त्याच्या कितीतरी पट गरम. जाड पट्टी ती उष्णता आपल्या अंगात पसरवून घेते. पातळ पत्र्याला अंगच नसतं. पातळ बुडाच्या पातेल्यात दूध लागतं, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे पातेलंच वितळतं.

म्हणून आधी रॉड बारीक घ्या. ३.१५ मिमीचा, ज्याला दुकानात दहा नंबर म्हणतात, तो या कामाला नको. २.५ मिमीचा, म्हणजे बारा नंबर, चालेल. २ मिमीचा मिळाला तर उत्तम. बारा नंबरला ६० अँपिअरच्या आसपास सुरुवात करा, २ मिमीला ४०-४५. मशीनवरचे आकडे नेहमी खरं बोलत नाहीत, तेव्हा आधी भंगारातल्या तुकड्यावर करून बघा.

रॉड 'साठ-तेरा'च मागा, ६०१३. यातले ६० म्हणजे जोडाची ताकद, दर चौरस इंचाला ६० हजार पौंड. १ म्हणजे आडवा, उभा, डोक्यावरचा, कसाही जोड चालतो. शेवटचे दोन आकडे मिळून वरचं लेपण सांगतात, आणि आपल्या कामाची गोष्ट तिथेच आहे. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनचा करंट एसी असतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेत तो सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणजे आर्क तितक्या वेळा विझू पाहते. करंट कमी केला की ती खरोखरच विझते आणि रॉड चिकटतो. साठ-तेराच्या लेपणात टायटॅनियमचं ऑक्साइड आणि पोटॅशियमची संयुगं असतात; त्यांच्यामुळे आर्क पुन्हा सहज पेटते. कमी करंटवर हा रॉड गुण्यागोविंदाने चालतो तो त्यामुळे. मशीन इन्व्हर्टरचं, डीसी असेल तर होल्डर वजाला आणि अर्थिंगचा चिमटा अधिकला लावा. जोड कमी खोल जातो, आणि पत्र्याला तेच हवं असतं.

आता हाताचं काम. दोन तुकड्यांत फट नको. जाड लोखंडात मुद्दाम फट ठेवतात. पत्र्यात फट म्हणजे भोकाला आमंत्रण. तेव्हा रॉड हातात घेण्याआधी ग्राइंडर आणि कानस घ्या. मग दर इंचाला एक टाका मारा, तोही एका टोकाकडून ओळीने नाही. एक इथे, एक पार तिकडे, मग मधे. ओळीने मारत गेलात तर पाइप केळ्यासारखा वाकतो.

टाके झाले की मधला भाग भरायचा. रॉड टेकवा, ठिपका होऊ द्या, उचला. काचेतून बघत राहा: पिवळा रंग केशरी होतो, मग लाल. लाल विझायच्या आत मागच्या ठिपक्याच्या काठावर पुढचा ठेवा. आर्क रॉडच्या जाडीएवढीच लांब ठेवा. मधे थांबलात आणि ठिपका गार झाला, तर वरची खपली ठोकून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर ती जोडात अडकते. अस्सल वेल्डर या ठिपक्यांच्या कामाला नाक मुरडतात, आणि त्यांचं चुकत नाही. कुंडीच्या स्टँडला हे पुरतं. माणूस ज्यावर उभा राहणार ते काम यावर सोपवू नका. उभा जोड असेल तर वरून खाली या. हात भरभर सरकतो, पत्रा कमी तापतो.

भोक पडलंच, तर पाइप पूर्ण गार होऊ द्या. शक्य असेल तिथे मागून तांब्याची जाड पट्टी दाबून धरा. तांबं उष्णता खेचून घेतं आणि जोड त्याला चिकटत नाही. मग भोकाच्या मधे न जाता काठाकाठाने ठिपके ठेवत आत या.

जीआय पाइपावर मात्र हे प्रयोग नकोत. त्यावरचं जस्त ९०७ अंशांनाच उकळतं, पांढरा धूर निघतो आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. काळा पाइपच घ्या.

माझा तो स्टँड अजून गच्चीत आहे. भोकाची बाजू भिंतीकडे केली आहे.