पहिल्या बदक-शिकारीआधी

सॅक्रामेंटोच्या उत्तरेला दूरवर भातशेती पसरलेली आहे. कापणी झाली की खाचरांत पाणी सोडतात आणि अलास्का-कॅनडाकडून उतरलेली बदकं हिवाळाभर तिथं आणि आसपासच्या पाणथळींत मुक्कामाला असतात. तिथं पहिल्यांदा शिकारीला जायचं, तर तयारी उन्हाळ्यातच सुरू करावी लागते.

आधी कागदपत्रं. सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय कॅलिफोर्नियात पहिला परवाना मिळत नाही. शिवाय पंचवीस डॉलरचा केंद्र सरकारचा 'डक स्टॅम्प' लागतो. छापील स्टॅम्प घेतला तर त्यावर शाईनं सही करायची. 1934 पासून निघणाऱ्या या स्टॅम्पच्या प्रत्येक डॉलरमधले 98 सेंट पाणथळ जागा मिळवण्यात आणि राखण्यात जातात. भारतात 1972 च्या कायद्यानं पक्ष्यांना संरक्षण दिलं ते योग्यच झालं. पण शिकाऱ्याच्या खिशातून तळी वाचवण्याची ही रीतही मला मनापासून पटते.

बंदूक बारा बोअरची. तिच्यात तीनच काडतुसं मावावीत म्हणून मॅगझिनच्या नळीत दांडी बसवलेली असते. नकली काडतुसं भरून ती तपासून घेतली. शिशाचे छर्रे 1991 पासून देशभर बदकांसाठी बंद आहेत, कारण चिखलात पडलेले छर्रे खड्यांसोबत गिळून पक्षी विषबाधेनं मरत. पोलाद शिशापेक्षा हलकं, म्हणून छर्रे थोडे मोठे घ्यायचे. मग रेंजवर मोठा कागद लावून तीस यार्डांवरून बार काढला आणि तीस इंची वर्तुळात किती छर्रे बसले ते मोजले. कुठं दाट, कुठं तळहाताएवढी मोकळी जागा. चाळीस यार्डांवर तोच खेळ केला, तर मोकळ्या जागा मोठ्या झालेल्या. अंतर वाढलं की पक्षी मरत नाही, जखमी होऊन निसटतो, हे त्या कागदानं दाखवलं. म्हणून सगळ्यात लांबचा डिकॉय (आमिषाचं नकली बदक) पस्तीस यार्डांवर ठेवायचा आणि त्यापलीकडच्या पक्ष्याकडे नुसतं बघायचं, असं ठरवून टाकलं.

घरी रोज रिकामी बंदूक खांद्याला लावायचा सराव केला, तोही जाड कोट आणि वेडर्स (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) घालून. कोटाच्या घडीत दस्ता अडकतो, हे नुसत्या शर्टावर कधीच कळत नाही. वेडर्सवर कमरेला पट्टा आवळायचाच; तोल गेला तर पाणी आत भरू नये म्हणून.

पण खरी मेहनत डोळ्याची. दिवसाला सात बदकं, त्यात मॅलार्डच्या माद्या फार तर दोन, असे नियम असतात. पहाटे सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून परवानगी असते आणि तेव्हा सगळे पक्षी काळेच दिसतात. नांदूर मध्यमेश्वरला दुर्बिणीतून पाहिलेले थापट्या आणि तलवार बदक इथंही येतात, ती ओळख कामी आली. थापट्याची रुंद चोच आणि तलवार बदकाची लांब मान अंधुक उजेडातही ओळखता येते. मॅलार्डची मादी आणि गॅडवॉल यांत मात्र पंखावरचा पट्टा दिसेपर्यंत थांबावं लागतं: मॅलार्डचा निळा, गॅडवॉलचा पांढरा. पट्टा दिसला नाही तर बार नाही.

माझ्याबरोबर कुत्रा नसणार. पडलेला पक्षी शोधायचा नेटानं प्रयत्न करणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्यामुळे बसायची जागा निवडताना दाट लव्हाळ्याची कड सोडली आणि समोर उघडं, गुडघाभर पाणी असेल अशीच जागा धरली.