पहिली बातमी परत येते तेव्हा

दक्षिण कोरियाची राजधानी सोल. तारीख २२ फेब्रुवारी २०००, वेळ दुपारी २ वाजून २२ मिनिटं. विसाव्या शतकातल्या पत्रकारितेला रामराम ठोकायचा म्हणून ओ यॉन-हो या पत्रकाराने हा दोनांचा मुहूर्त मुद्दाम साधला आणि ‘ओमायन्यूज’ हे संकेतस्थळ सुरू केलं. पगारी माणसं चार, बातम्या पाठवायला राजी झालेले नागरिक ७२७. ब्रीद होतं, ‘प्रत्येक नागरिक बातमीदार’. काही वर्षांत नागरिक बातमीदारांची ही संख्या हजारोंच्या घरात गेली आणि जगभरच्या माध्यम-अभ्यासकांनी या ब्रीदाचं तोंड भरून कौतुक केलं. मला मात्र ब्रीदापेक्षा त्यामागे बसलेल्या डेस्कबद्दल जास्त कुतूहल आहे. गृहिणी, शिक्षक, विद्यार्थी बातम्या पाठवत होते; त्या आधी वाचत कोण होतं?

पगारी उपसंपादक. नवख्याला खऱ्या नावाने नोंदणी करावी लागे. आलेली बातमी तडक पहिल्या पानावर जात नसे. तपासून होईपर्यंत ती ‘सेंगनामू’ म्हणजे ओल्या लाकडांच्या ढिगात पडे. कितीतरी बातम्या तिथेच राहत. निवडलेली संपादित होऊन वर चढे आणि पहिल्या पानाची मुख्य बातमी झाली तर मानधन वीस हजार वॉन, आपल्या तेव्हाच्या हिशेबाने हजार रुपयांच्या आतच. पैशासाठी कुणी लिहीत नव्हतं, हे उघड आहे.

तरीही डेस्कच्या हातून निसटायचं ते निसटलंच. जून २००२ मध्ये अमेरिकी लष्करी वाहनाखाली दोन शाळकरी मुली चिरडल्या गेल्या. नोव्हेंबरमध्ये लष्करी न्यायालयाने संबंधित सैनिकांना निर्दोष सोडलं. एका नागरिक बातमीदाराने इंटरनेटवर मेणबत्त्या घेऊन जमण्याचं आवाहन केलं आणि त्याच आवाहनाची बातमी ओमायन्यूजवर दिली, जणू आवाहन करणारा कुणी दुसराच होता. माणसं खरोखरच मोठ्या संख्येने रस्त्यावर आली. बिंग फुटल्यावर संपादकांना खुलासा करून माफी मागावी लागली. त्या माणसाच्या मनात कपट होतं, असं मी म्हणणार नाही. आपल्या डोळ्यांसमोरच्या गोष्टीबद्दल लिहिणाऱ्या नवख्याला आपण स्वतः त्या गोष्टीत किती गुंतलो आहोत, हे सांगावंसंच वाटत नाही. ‘या बातमीत तुम्ही कुठे आहात?’ हा प्रश्न त्याला बातमी छापण्याआधीच विचारायला हवा होता.

२००७ मध्ये ओमायन्यूजने गांगह्वा बेटावरच्या बंद पडलेल्या प्राथमिक शाळेत नागरिक बातमीदारांसाठी शाळाच काढली. मात्र त्याच्या आदल्या वर्षी सॉफ्टबँक कंपनीचं भांडवल घेऊन निघालेली जपानी आवृत्ती दोन-तीन वर्षांतच आटोपली. ब्रीद तेच होतं, पैसाही होता. नाव झाकून लिहिण्याची सवय झालेल्या जपानी इंटरनेटवर खऱ्या नावाने लिहायला पुरेशी माणसं पुढे आली नाहीत.

याच्या अगदी उलट टोकाला विकिपीडियाचं बातम्यांचं भावंड, विकिन्यूज. २००४ च्या अखेरीस सुरू झालेल्या या प्रकल्पात पगारी डेस्क नव्हतं. लिहिणारा स्वयंसेवक आणि तपासणाराही स्वयंसेवकच. इंग्रजी विकिन्यूजवर बातमी प्रसिद्ध होण्याआधी ती लिहिण्यात हात नसलेल्या तपासनिसाने पाच कसोट्या लावायच्या : मजकूर चोरलेला नाही ना, ही बातमी आहे का, पडताळता येते का, तटस्थ आहे का, लेखनशैली पाळली आहे का. एकमेकांवर न विसंबणारे किमान दोन स्रोत लागत. स्वतः जाऊन बातमी आणली असेल, तर टिपणं चर्चापानावर टाकायची. हे नियम कुठल्याही जुन्या वृत्तपत्राला शोभतील असे होते.

आता नवखा काय लिहितो ते पाहू. आपल्याकडचं उदाहरण घेतो. समजा, कॉपी आली, ‘प्रशासनाच्या गलथान कारभारामुळे पूल खचला असून नागरिकांत संतापाची लाट पसरली आहे.’ गलथान कोण म्हणतं? गावकरी म्हणत असतील, तर त्यातल्या एकाचं नाव आणि त्याचं म्हणणं द्या. लाट कुणी मोजली? तहसील कचेरीसमोर दहा माणसं जमली असतील, तर दहा लिहा. पूल कोणता, कधी खचला, वाहतूक कुठून वळवली, हे सहाव्या परिच्छेदात दडलंय ते पहिल्या वाक्यात आणा. हे सगळं समजावून सांगायला पाऊण तास सहज जातो. त्याऐवजी ‘तटस्थ नाही’ असा शेरा मारायला दहा सेकंद पुरतात. पाऊण तास खर्च केला, तर तो माणूस दुसरी बातमी लिहितो. दहा सेकंदांत उरकलं, तर बहुधा तो पुन्हा फिरकत नाही.

विकिन्यूजची अडचण नेमकी इथेच होती. तपासनीस मूठभर, त्यांना पोटापाण्याचे उद्योग वेगळे. ऑस्ट्रेलियातल्या वुलोंगाँग विद्यापीठाचे पत्रकारितेचे विद्यार्थी अभ्यासाचा भाग म्हणून लिहू लागले, तेव्हा या मूठभरांवरचा भार आणखी वाढला. बातमी नाशिवंत, दोन-तीन दिवसांत शिळी. तपासणीला रांग, मग दुरुस्तीसाठी परत, पुन्हा रांग, तोवर ती प्रसिद्ध करण्यात अर्थ उरत नाही. तपासणीच्या कडकपणावरून धुसफूस वाढली आणि २०११ मध्ये काही जणांनी ‘द ओपन ग्लोब’ नावाची वेगळी चूल मांडली. तीही टिकली नाही. कडक तपासणी चूक होती, असं मला वाटत नाही. ती करायला पुरेशी माणसं नव्हती.

छत्तीसगडमध्ये २०१० पासून चाललेल्या ‘सीजीनेट स्वर’ने हे काम अगदी जमिनीवर आणलं. लिहिता-वाचता न येणारा गोंडीभाषक साध्या फोनवरून तक्रार किंवा बातमी ध्वनिमुद्रित करतो. तपासणारे ती पडताळून इतरांना ऐकवतात. बोलणाऱ्याने आपलं नाव आणि गाव सांगायचं, शक्य तर संबंधित अधिकाऱ्याचा फोन नंबरही द्यायचा. ऐकणारा थेट त्या अधिकाऱ्याला फोन लावू शकतो. कोण, काय, कुठे, कधी, का, कसं या सहा ककारांवरचं व्याख्यान न देता कामाची बातमी कशी असते, हे माणूस दुसऱ्यांचं ऐकून शिकतो. गोंडी आपल्या गडचिरोलीतही बोलली जाते, तेव्हा हा प्रयोग आपल्याला परका नाही.

जिल्ह्या-तालुक्याला असं काही उभं करायचं मनात असेल, तर संकेतस्थळ, बोधचिन्ह, ब्रीद सगळं नंतर. पहिला पगार उपसंपादकाचा धरा. परत जाणाऱ्या प्रत्येक बातमीसोबत कारण लिहून देणं हे त्याच्या कामात पहिल्या दिवसापासून घाला.