सर फुकट शिकवतात, म्हणून विचारायचे नाही काय?

फुटबॉल हा गरिबाला परवडणारा खेळ आहे. क्रिकेटला बॅट लागते, पॅड लागतात. इथे एक चेंडू असला की बावीस पोरे खेळतात. २००१ साली नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुले भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली. त्यातून ‘स्लम सॉकर’चे काम उभे राहिले. २०१६ साली फिफाने त्या कामाला विविधतेचा पुरस्कार दिला. २०२२ साली नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ आला तो याच कामावर बेतलेला. आपल्या वस्त्यांत तो घरचा सिनेमा म्हणून पाहिला गेला. तेव्हा यवतमाळ, वणी, पुसद, दिग्रसच्या आईबापांनाही वाटते की, आपला पोरगा, आपली पोरगी मैदानात उतरावी. वाटलेच पाहिजे.

पण पोराला मैदानावर पाठवताना आईबाप काय विचारतात? बूट किती रुपयांचे, ते विचारतात. किती वाजता सुटेल, ते विचारतात. शिकवणारा माणूस कोण, कुठला, त्याच्यावर कोणाची देखरेख आहे, हे मात्र विचारत नाहीत. आम्ही कारण शोधले तर ते आळसाचे निघत नाही, संकोचाचे निघते. बाप रोजीने जातो, आई कापूस वेचायला नाहीतर धुणीभांडी करायला जाते. सर एक पैसा घेत नाहीत. उलट कधी स्वतःच्या खिशातून पोरांना केळी खाऊ घालतात. मग अशा माणसाला तोंड वर करून विचारायचे कसे? ‘सर फुकट शिकवतात, आपण काय विचारावं?’ हे वाक्य आपल्या वस्तीत नवीन नाही.

बहुतेक प्रशिक्षक भले असतात, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. ऊन-पाऊस न बघता दुसऱ्याच्या पोरांमागे धावणारा माणूस आदरालाच पात्र आहे. पण भला माणूस विचारल्याने रागावत नाही. आणि विचारल्याबरोबर जो रागावतो, त्याच्याकडे जरा अधिक लक्ष द्यावे.

इंग्लंडसारख्या देशात काय झाले ते पाहा. बॅरी बेनेल नावाचा प्रशिक्षक नामवंत क्लबांसाठी पोरे हेरायचा. मुलांना भेटी द्यायचा, घरी मुक्कामाला न्यायचा, आईबापांशी गोड बोलायचा. ‘तुमचा मुलगा मोठा खेळाडू होणार,’ असे म्हटल्यावर कोणत्या आईला आनंद होणार नाही? त्याच आनंदाच्या आडून तो वर्षानुवर्षे मुलांवर लैंगिक अत्याचार करीत राहिला. २०१६ साली अँडी वुडवर्ड या माजी खेळाडूने वयाच्या चाळिशीनंतर आपले नाव उघड करून हे सांगितले, तेव्हा पाठोपाठ शेकडो माणसे बोलू लागली. २०१८ साली बेनेलला तीस वर्षांची शिक्षा झाली. बळी पडलेली ती सारी मुले होती, मुली नव्हेत. ‘पोरगा आहे, त्याला काय होते’ असे आपल्याकडे सर्रास म्हणतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आपल्या देशात २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींचा राष्ट्रीय संघ विश्वचषकाच्या तयारीसाठी युरोपच्या दौऱ्यावर होता. सहायक प्रशिक्षकावर गैरवर्तनाचा आरोप आला. त्याला दौऱ्यातून परत बोलावून कामावरून काढण्यात आले आणि पुढे पोक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. राष्ट्रीय संघाच्या दौऱ्यावर हे होऊ शकते, मग तालुक्याच्या संघाने कोणाच्या भरवशावर राहायचे?

सुब्रतो चषकाची शालेय स्पर्धा आधी जिल्ह्याला होते, मग अमरावती विभागाला, मग राज्याला. पोरे जिंकली की बाहेरगावी जातात, मुक्काम करतात. हा मुक्कामच खरा नाजूक. मुली असतील तर सोबत बाई हवीच. मुले असतील तरी एकटा एकच मोठा माणूस नको, दोन हवेत. मोठ्यांची झोपायची खोली वेगळी हवी. कोणत्याही पोराला एकट्याला गाडीवर मागे बसवून नेऊ नये, मालिश करायला एकट्याला खोलीत बोलावू नये, रात्री-अपरात्री मोबाईलवर निरोप धाडू नयेत. जे सांगायचे ते आईबापांच्या मोबाईलवर सांगावे. यात पैसा लागत नाही. आईबापांपैकी एकाने पाळीपाळीने सोबत जावे म्हटले तर त्याची रोजी बुडते, हे खरे. मग इतर घरांनी मिळून ती भरून द्यावी. वर्गणीची सवय आपल्या वस्त्यांना आहेच.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, तेव्हा पालकांनी रेल्वे रोखली. त्यानंतर राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि तक्रारपेटीबाबत कडक आदेश दिले. सखी सावित्री समित्यांचा आदेश तर २०२२ चाच आहे. चांगले झाले. पण ही सारी व्यवस्था शाळेच्या फाटकाशी संपते. संध्याकाळच्या मैदानावर, उन्हाळी शिबिरात, कुणा मंडळाच्या क्लबात ना पेटी ना समिती. तिथे समिती म्हणजे आईबापच.

कायदा मात्र मैदानावरही चालतो. पोक्सो कायदा नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे आणि अठरा वर्षांखालील मुलगा-मुलगी दोघांनाही त्याचे संरक्षण आहे. असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची भीती असल्याचे ज्याला कळले, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. लपवले तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने लपवले तर एक वर्षापर्यंत. म्हणजे ‘आपसात मिटवून टाका, क्लबाचे नाव खराब होईल,’ असे सांगणारा पदाधिकारी स्वतःच गुन्हा करीत असतो. पोराचा जबाब घरी किंवा त्याला बरे वाटेल तिथे, आईबापांसमोर, गणवेशात नसलेल्या पोलिसाने, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. पोराचे नाव छापता येत नाही. ठाण्याची पायरी चढायची भीती वाटत असेल तर १०९८ हा क्रमांक आहे. तो फुकट लागतो आणि पोरगे स्वतःही लावू शकते.

पण पोर सांगते कुठे? बहुतेक वेळा ते एवढेच म्हणते, ‘मला फुटबॉल नाही खेळायचा.’ कालपर्यंत बूट उशाशी घेऊन झोपणारे पोर आज असे म्हणत असेल तर त्याला आळशी ठरवू नका. रागावण्याआधी जवळ बसवा. आणि सांगितलेच, तर ‘तू तिथे गेलास कशाला?’ हा प्रश्न जिभेवर आला तरी गिळून टाका.

आता दुसरी गोष्ट, मानापमानाची. सामन्याच्या दिवशी मोठी माणसे कडेला उभी राहून काय काय ओरडतात! गोल हुकला की स्वतःच्याच पोराला चारचौघांत शिवी. पंचाला शिवी. समोरच्या संघातल्या पोराच्या रंगावरून, गावावरून, वस्तीवरून टोमणे. इंग्लंडमध्ये २००८ पासून मुलांच्या सामन्यांत पालकांना रेषेपासून दूर, दोरीमागे उभे करू लागले. आपल्याकडे दोरी नसेल तर फक्कीची दुसरी रेघ मारावी. आईबापांनी तिच्या आत पाऊल टाकू नये.

आणि जातीवरून शिवी आली तर? फुटबॉलच्या नियमांतच अपमानकारक भाषेला लाल कार्ड आहे; पंचाकडे ते मागायचे. लहान पोराने घरात ऐकलेले मैदानात ओकले असेल तर कार्डाबरोबर समजावणीही हवी, त्याच्या शिक्षकांना आणि आईबापांना बोलवून. पण मोठ्या माणसाने चारचौघांत जातीवरून पोराला हिणवले तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. १९९० पासून अनुसूचित जातीच्या बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, तेव्हा ‘तुम्ही आता बौद्ध, तुम्हाला हा कायदा नाही,’ असे कोणी सांगितले तर ऐकू नये. मात्र उलट बाजूही पाहावी. आपल्या पोराने पारधी, आदिवासी वा मुसलमान पोराला तसेच काही म्हटले, तर तिथे हसून सोडून देणारे पालक आम्हाला मान्य नाहीत.

उन्हाळी शिबिराच्या नावनोंदणीला जाल तेव्हा प्रशिक्षकाचे पूर्ण नाव आणि पत्ता कागदावर लिहून घ्या. शिबिर कोण भरवते, सरांवर काही तक्रार असली तर ती ऐकणारा सरांखेरीज दुसरा माणूस कोण, हेही विचारा. आठवड्यातून एकदा न सांगता मैदानावर जा. एकटे जायला संकोच वाटत असेल तर शेजारच्या बाईला सोबत घ्या. तिचेही पोर तिथेच असते.