पुढचं चाक उचलायचं, पण आधी ब्रेक शिकायचा

गटांकडून आमच्याकडे प्रश्न येतात. या वेळचा प्रश्न असा : मुलं, आणि आता मुलीही, वाकड्या हँडलच्या शर्यतीच्या सायकलीवर पुढचं चाक उचलून एका चाकावर चालवायला शिकतायत. याला ती 'व्हीली' म्हणतात. आम्ही आयांनी काय करायचं, अडवायचं की शिकू द्यायचं?

आम्हाला वाटतं, आधी समजून घेऊ. नुसतं 'नको' म्हटलं तर पोरं डांबरी रस्त्यावर, आपल्या नजरेआड शिकतात. तिथे मागून ट्रॅक्टर येतो, एसटी येते.

चाक उचलतं कसं? कॅरिअरवर वैरणीचा जड भारा बांधून चढ चढला असाल, तर हे तुम्ही अनुभवलेलं आहे. हँडल हलकं लागतं, पुढचं चाक जमीन सोडू बघतं. भार मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे गेला की सायकल मागे कलते. व्हीलीत तेच मुद्दाम करतात. पायडलला जोराचा दट्ट्या देतात आणि अंग मागे टाकतात. अंगाचा भार बरोबर मागच्या चाकावर आला की सायकल तोलून राहते. त्याच्या पुढे गेलं की माणूस पाठीवर पडतो.

पाठीवर पडण्यापासून वाचवतो तो मागचा ब्रेक. चाक फार वर गेलं आणि मागचा ब्रेक हलकेच दाबला, की पुढचं चाक लगेच खाली येतं. पुढच्या ब्रेकचा इथे उपयोग नाही, कारण ते चाक हवेत असतं. उलट तो दाबलेला राहिला आणि चाक टेकलं, तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून मागचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते आधी पाहायचं. मागचं चाक उचलून फिरवा, एकेक ब्रेक दाबा, लगेच कळेल.

शर्यतीची सायकल हलकी असते, म्हणून पुढून लवकर उचलते. पण तिचे टायर अरुंद आणि कडक असतात. वाळूवर, खडीवर ते घसरतात. म्हणून जागा निवडताना रस्ता नको, खडी नको. शाळेचं मैदान किंवा आखूड गवताची, किंचित चढाची घट्ट जमीन चांगली. चढावर वेग आपोआप कमी राहतो.

सायकल तपासा. पुढचं चाक आवळलेलं आहे ना? बऱ्याच शर्यतीच्या सायकलींना चाक काढायचा छोटा दांडा असतो. तो सैल असेल तर उचलताना चाक निसटू शकतं. हँडल हलत नाही ना, चेन ढिली नाही ना, तेही बघा. पाय अडकवायचे पट्टे काढून टाका, म्हणजे पडताना पाय मोकळे राहतील. सीट थोडी खाली घ्या. डोक्यावर हेल्मेट आणि पायात बंद बूट हवेत. ओढणी घरी ठेवा, ती चाकात जाते.

पहिल्या दिवशी चाक फक्त वीतभर उचलायचं आणि मागच्या ब्रेकने खाली आणायचं. हात सवयीने ब्रेककडे जाईपर्यंत एवढंच. मग मागे उतरायला शिकायचं : सायकल सोडून पायांवर उभं राहायचं.

त्यानंतर खरी व्हीली. हलका गिअर, चालण्याइतका वेग. सीटवर बसूनच छाती थोडी पुढे झुकवायची. जोराचा पाय वरून जरा पुढे, घड्याळात एक वाजतो तिथे आला, की जोर लावायचा आणि त्याच क्षणी हात सरळ ठेवून अंग मागे न्यायचं. हातांनी हँडल ओढत बसलं तर चाक वाकडं उठतं. एक बोट कायम मागच्या ब्रेकवर. बाजूचा तोल गुडघ्यांनी सांभाळायचा. चाक टेकताना हँडल सरळच हवं.

स्लोव्हाकियाचा पीटर सागान २०१५, २०१६ आणि २०१७ असा तीनदा रस्त्यावरच्या शर्यतीचा जगज्जेता झाला. भर शर्यतीत एका चाकावर चालवणं ही त्याची ओळखच होती. पण दुसरी बाजूही सांगतो. ब्रिटनचा मार्टिन अॅश्टन रोड बाईकवरच्या कसरतींसाठी जगभर गाजला होता. २०१३ साली प्रेक्षकांसमोर कसरत करताना तो पडला, पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. इतका कसलेला माणूसही पडतो, म्हणून जागेची आणि हेल्मेटची अट आपण सोडायची नाही. आणि हा धडा मोटारसायकलसाठी अजिबात नाही.

कुणी डोक्यावर पडलं आणि उलटी झाली, झोप येऊ लागली, शुद्ध हरपली किंवा डोकं फार दुखू लागलं, तर घरी थांबू नका, १०८ ला फोन करा. मान किंवा पाठ दुखत असेल तर त्याला उठवून बसवू नका.

आणखी एक. मुलगा चाक उचलतो तेव्हा आपण कौतुकाने बघतो, मुलीने उचललं की 'लोक काय म्हणतील'. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत बायकांना सायकल शिकवली, तेव्हा त्यांनाही टोमणे ऐकावे लागले. तरी हजारो बायका शिकल्या आणि बाजाराला, पाण्याला, कामाला सायकलवर जाऊ लागल्या. तोल सांभाळता येणारी मुलगी खड्ड्यातून आणि भार घेऊनही सायकल नीट काढते.

तेव्हा या महिन्याच्या बैठकीत एवढं ठरवा : गावातलं कोणतं मैदान, कोणत्या वेळी, आणि मोठ्यांपैकी कोण तिथे थांबणार. ती वेळ मुलींनाही खुली ठेवा. आणि आपल्यातल्या ज्यांना अजून दोन चाकांवरच सायकल येत नाही, त्यांनीही त्याच मैदानावर यायचं. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.