डरबानच्या खाणावळीतील पाव-रस्सा

लेखक : ऊस विकास अधिकारी



दक्षिण आफ्रिकेच्या अभ्यास दौऱ्यात पाहिलेली ऊसशेती, बेणे मळे व तोडणीची पद्धत यांची माहिती गट-सभांतून आपणांस दिलेलीच आहे. पण प्रत्येक सभेच्या शेवटी एक प्रश्न हटकून यायचा, "साहेब, तिकडं जेवणाचं काय केलंत?" त्याचे उत्तर दोन वाक्यांत देण्याजोगे नाही, म्हणून हा लेख.

डरबान हे हिंदी महासागराच्या काठचे मोठे बंदर. शहराबाहेर पडले की किनाऱ्यालगतच्या टेकड्यांवर ऊसच ऊस. शहरात पूर्वीचा ग्रे स्ट्रीट, म्हणजे आताचा डॉ. युसुफ दादू स्ट्रीट, या भागात गेलो की मसाल्यांची दुकाने, साड्यांची दुकाने आणि कढीपत्त्याचा वास! याच भागातल्या एका लहानशा खाणावळीत आम्ही तीन वेळा जेवलो. पाच-सहा टेबले, भिंतीवर खडूने लिहिलेला फळा आणि गल्ल्यावर साठी ओलांडलेले मालक. सगळे त्यांना "अंकल" म्हणत, आम्हीही म्हणू लागलो.

पावात पाव

येथला नावाजलेला पदार्थ म्हणजे "बनी चाऊ". न कापलेला चौकोनी ब्रेड घ्यायचा, त्याचा अर्धा किंवा पाव भाग कापायचा, आतला मऊ गाभा काढून पोकळी करायची व तीत गरमागरम रस्सा ओतायचा. काढलेला गाभा वर झाकणासारखा ठेवतात. गिऱ्हाईक नुसते "क्वार्टर मटण" म्हणते, म्हणजे आपल्या भाषेत पावाचा पाव! मटणात बटाटा असतोच, वर लालभडक तवंग. शाकाहारी माणसासाठी "शुगर बीन्स"ची उसळ. नावात साखर असली तरी गोड नाही हो, आपल्या वाघ्या घेवड्याचीच आठवण येते. सोबत गाजर, कांदा, मिरची यांची कोशिंबीर.

चमचा मागायचा नाही. आधी झाकण बुडवून खायचे, मग कडेचा ब्रेड तोडत तोडत खाली यायचे. घाई केली तर भिंत फुटते आणि रस्सा मनगटावर येतो. आमच्यातल्या एका सभासदाने बांध फुटल्यासारखी दोन्ही हातांनी धावपळ केली, तेव्हा अंकलही हसले.

हे नाव कसे पडले याच्या दोन-तीन कथा सांगतात. बहुतेकांच्या मते "बनी" म्हणजे आपला बनिया, वाणी. गुजराती व्यापाऱ्यांच्या उपाहारगृहांतून हे अन्न मिळे म्हणून ते नाव. वर्णभेदाच्या काळात आफ्रिकी माणसाला अशा ठिकाणी आत बसून जेवायची मोकळीक नव्हती. त्याला मागच्या दाराने काही द्यायचे तर ताटवाटीशिवाय द्यायला हवे, म्हणून ब्रेडचेच भांडे केले असे सांगतात. 1994 साली ती राजवट संपली. आता सर्व रंगांची माणसे शेजारी शेजारी बसून हात माखून जेवतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

उसामागून गेलेली माणसे

या खाणावळीचे मूळ उसात आहे. नाताळ प्रांतातील गोऱ्या मळेवाल्यांना उसासाठी मजूर हवे होते. 16 नोव्हेंबर 1860 रोजी "ट्रुरो" हे जहाज मद्रासहून 342 माणसे घेऊन डरबानला लागले. तेव्हापासून 1911 पर्यंत सुमारे 1 लाख 52 हजार माणसे पाच-पाच वर्षांच्या करारावर तिकडे गेली. बहुतेक मद्रास इलाख्यातली, बाकीची कलकत्ता बंदरातून. (आपली मराठी माणसे याच रीतीने, पण मुंबई बंदरातून, मॉरिशसच्या उसात गेली.) पहिल्या वर्षी पगार महिना 10 शिलिंग, वर शिधा. बाईला त्याच्या निम्मे. एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांचा पगार कापीत. आपल्याकडच्या तोडणी टोळ्यांत "खाडा" हा शब्द कोणाला नवा नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

करार संपल्यावर पुष्कळ जण तेथेच राहिले. कोणी भाजीपाला पिकविला, कोणी फेरी केली, कोणी चूल पेटवून चार माणसांना जेवू घातले. भाषा हळूहळू गेली, पण फोडणी राहिली. अंकलांना तमिळचे दहा-वीस शब्दच येतात, परंतु रश्श्यात कढीपत्ता केव्हा टाकायचा हे विचारावे लागत नाही.

माणसांसारखेच बेणेही गेले. कोइमतूरच्या केंद्रात को 421 व को 312 यांचा संकर करून मिळालेले बी नाताळला पाठविण्यात आले. माउंट एजकोम्ब येथील केंद्रात त्यातून निवडलेला वाण म्हणजे "एनको 310". एन म्हणजे नाताळ, को म्हणजे कोइमतूर. 1945 साली तो शेतकऱ्यांना दिला गेला आणि पुढे तैवान, ओकिनावापर्यंत पसरला. उसाच्या नावात तरी त्याचे मूळ गाव टिकले. माणसाला मात्र जहाजावर चढतानाच नंबर मिळाला.

अंकलांचा प्रश्न

तो नंबर आम्ही पाहिला. गल्ल्यामागच्या भिंतीवर एक चौकट आहे. देवाचा फोटो असेल असे वाटले. जवळ जाऊन बघतो तर जहाजाच्या यादीतल्या नोंदीची नक्कल. नंबर, नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, गाव. अंकलांचे पणजोबा उत्तर अर्काट जिल्ह्यातून ऊस तोडायला आले होते.

तिसऱ्या दिवशी आम्ही साखर कारखान्याची माणसे आहोत हे कळल्यावर त्यांनी खुर्ची ओढली. म्हणाले, "पणजोबांनी ऊस तोडला तो आम्हाला तोडावा लागू नये म्हणून. आता इथं आफ्रिकी मजूर तोडतात. तुमच्याकडं कोण तोडतं?"

आम्ही सांगितले, बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून नवरा-बायकोच्या जोड्या येतात, एका जोडीला कोयता म्हणतात, आधी उचल देतात, मुकादम असतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि जेवतात काय?"

बंधूंनो, टनेज, उतारा, रिकव्हरी यांचे आकडे आम्हाला तोंडपाठ होते, पण या प्रश्नाला उत्तर द्यायला वेळ लागला. उत्तर आपण सर्व जाणतोच. बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापते, फडकीत ठेचा-भाकरी बांधते, अंधारात फड गाठते, आणि मोळ्या बांधून झाल्यावर बांधावर बसून ती गार भाकरी खाते. लेकरू पाचटावर झोपलेले असते. अंकलांनी मान हलवली, "म्हणजे पणजोबांसारखंच." त्या दिवशी त्यांनी आमचे पैसे घेतले नाहीत.

हे लिहिण्यात कोणावर ठपका ठेवण्याचा हेतू नाही. तोडणी वेळेवर व्हावी म्हणून आपण टोळीच्या मागे लागतो, ते रास्तच आहे. पण ज्याच्या फडात टोळी उतरते त्याने काही साध्या गोष्टी कराव्यात :

1. फडावर पिण्याच्या स्वच्छ पाण्याची सोय ठेवावी. विहिरीची मोटर दाखवून भागत नाही.

2. लहान मुलांसाठी झाड किंवा ताडपत्रीची सावली करावी.

3. शिधापत्रिकेवरील धान्य आता राज्यात कोणत्याही रेशन दुकानावर घेता येते, हे टोळीतील बायकांना सांगावे व गावच्या दुकानदाराशी गाठ घालून द्यावी.

4. जमेल त्याने एक वेळचे कालवण घरून पाठवावे. गार भाकरीला गरम रस्सा मिळाला तरी पुष्कळ झाले.

यंदा टोळ्या येण्यापूर्वी आपल्या गटात कोण काय करू शकेल याची नोंद शेतकी गट कार्यालयात करावी, ही नम्र विनंती.