इटालियन भाषेची पदवी

शालान्त परीक्षेनंतर मुलानें किंवा मुलीनें कोणता विषय घ्यावा, हा विचार घरोघरीं सुरू झाला म्हणजे इटालियनचें नांव सहसा कोणाच्या ओठीं येत नाहीं. आलेंच तर पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : त्याचा उपयोग काय ? प्रश्न रास्त आहे, व त्याला आम्ही बगल देणार नाहीं. परंतु उपयोगाचा हिशेब करण्यापूर्वीं, या विषयांत शिकावयाचें तरी काय असतें, हें पाहणें बरें. चार वाक्यें बोलतां आलीं व खाणावळींत जेवण मागतां आलें, एवढ्यावर कोणतेंही विद्यापीठ पदवी देत नाहीं.

इटलीबाहेरच्या विद्यापीठांत हा विषय पुष्कळ अंशीं परागंदा माणसांच्या हातून रुजला. मोझार्टच्या तीन प्रसिद्ध संगीतनाटकांचे शब्द ज्यानें लिहिले, तो लोरेन्झो दा पोंते कर्जबाजारी होऊन १८०५ सालीं अमेरिकेस गेला. तेथें त्यानें किराण्याचें दुकान घातलें, आणि १८२५ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजांत तो इटालियनचा पहिला प्राध्यापक झाला. पगार नाहीं, विद्यार्थी देतील ती फी हेंच वेतन. लंडनच्या नव्या विद्यापीठांत १८२८ सालीं ही जागा अंतोनियो पानिझ्झी यांस मिळाली. हे मूळचे वकील. मोदेनाच्या राज्यांत गुप्त मंडळीशीं संबंध असल्याच्या आरोपामुळें पळून आलेले. मागें त्यांच्या गैरहजेरींत त्यांना मृत्यूची शिक्षा ठोठावण्यांत आली, आणि गंमत अशी कीं, शिक्षेच्या खर्चाचें बिलही त्यांच्याकडे पाठविण्यांत आलें ! त्यांच्याही वर्गांत विद्यार्थी मोजकेच. पुढें ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयांत गेले, व तेथील गोल घुमटाचें वाचनगृह १८५७ सालीं त्यांच्याच कल्पनेवरून उभें राहिलें. थोडक्यांत, हा विषय प्रथमपासूनच थोड्यांचा आहे. गर्दी नाहीं म्हणून तो हलका, असें समजूं नये.

अभ्यासाचा कणा म्हणजे दान्ते. १३०२ सालीं फ्लॉरेन्स नगरींतून हद्दपार झालेल्या या कवीनें आपलें महाकाव्य पंडितांच्या लॅटिनमध्यें न लिहितां लोकांच्या भाषेंत लिहिलें. त्या भाषेचा कैवार घेणारा निबंध मात्र त्यानें लॅटिनमध्यें लिहिला. कारण उघड आहे, पटवावयाचें होतें तें पंडितांनाच. आपल्याकडे ज्ञानेश्वरी १२९० सालीं पुरी झाली, म्हणजे दोघे समकालीन. एकाला दुसऱ्याची वार्ता नव्हती, परंतु प्रश्न एकच होता. दान्तेच्या काव्याची एक फार जुनी हस्तलिखित प्रत मुंबईस एशियाटिक सोसायटीच्या संग्रहांत आहे. ती माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांची देणगी होय. ती मिळविण्यासाठीं मुसोलिनीनें दहा लाख पौंड देऊं केले, व सोसायटीनें नकार दिला, अशी गोष्ट सांगतात.

दान्तेनंतर खरी इटालियन कोणती, हा वाद शतकानुशतकें चालला. १५२५ सालीं बेंबो यांनीं पद्याला पेत्रार्क व गद्याला बोकाच्चो हे चौदाव्या शतकांतील आदर्श घालून दिले. १६१२ सालीं क्रुस्का अकादमीचा कोश निघाला. क्रुस्का म्हणजे कोंडा. भाषेचें पीठ चाळून कोंडा काढणें, हें तिनें पत्करलेलें काम. तरीही १८६१ सालीं इटलीचें राज्य स्थापन झालें तेव्हां ही भाषा बोलणारे थोडेच होते. बाकीचे व्हेनिसची, नेपल्सची, सिसिलीची अशा आपापल्या बोली बोलत. मांझोनी मिलानचे. १८२७ सालीं छापलेल्या आपल्या कादंबरीनें त्यांचें समाधान होईना, म्हणून त्यांनीं ती फ्लॉरेन्सच्या जिवंत बोलीच्या वळणावर पुन्हा लिहून काढली, व १८४० पासून नवी आवृत्ति प्रसिद्ध केली. दोन्ही आवृत्त्या शेजारीं ठेवून वाक्यागणिक ताडून पाहणें, हा पदवीचा खरा अभ्यास. घरीं मालवणी किंवा वऱ्हाडी आणि शाळेंत पुस्तकी मराठी, असें ज्याचें बाळपण गेलें, त्याला तो चांगला उमजेल.

आतां उपयोग. भाषांतर, दुभाष्याचें काम, अध्यापन, इटलीशीं व्यवहार करणाऱ्या कारखान्यांचा पत्रव्यवहार, हे मार्ग सरळ आहेत, पण प्रत्येकांत जागा थोड्या. ज्याच्या कमाईकडे घर डोळे लावून बसलें आहे, त्यानें कायदा, इतिहास किंवा वाणिज्य यांच्या जोडीनें ही भाषा घ्यावी, एकटी घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. चित्रें व गाणीं आवडतात एवढ्यावर जाणारा पहिल्याच वर्षीं क्रियापदांच्या रूपांनीं हैराण होतो. उलट जुनी ओवी कोश उघडून वाचण्याचा ज्याला कंटाळा येत नाहीं, त्याला पालकांनीं अडवूं नये. दिल्ली विद्यापीठांत इटालियन घेऊन बी. ए. ऑनर्स होतां येतें. इंग्लंडांत पुष्कळ ठिकाणीं मुळाक्षरांपासून आरंभ करतां येतो; तेथें अभ्यास बहुधा चार वर्षांचा, व त्यांतील तिसरें वर्ष परदेशीं काढावयाचें असतें.

आरंभीं मराठी विद्यार्थ्याला एक सवलत आहे. आपण 'गेला, गेली' म्हणतों, तसें तिकडे 'आन्दातो, आन्दाता'. 'चिठ्ठी पाहिली' म्हणतांना आपण कर्माचें लिंग क्रियापदाला लावतों. इटालियनमध्यें कर्म सर्वनामरूपानें आधीं आलें म्हणजे तसेंच घडतें. इंग्रज विद्यार्थी येथें अडखळतो. मात्र द्वित्ताकडे दुर्लक्ष करूं नये : 'नोनो' म्हणजे नववा, 'नोन्नो' म्हणजे आजोबा. आणि आदरानें बोलतांना समोरच्या गृहस्थालाही 'ती'चेंच सर्वनाम लावावें लागतें, याचें हंसूं पहिल्या आठवड्यांतच संपवून टाकावें.