अठरा खणांतून दोन खोल्यांत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

केम म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं स्टेशन आणि कुंकू. करमाळा तालुक्यातल्या या गावी मी लग्न होऊन आले ती अठरा खणांच्या वाड्यात. आता खण म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. दोन खांबांमधली, दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. पूर्वी घर चौरस फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. आमचं घर धाब्याचं, म्हणजे माळवदाचं. तुळयांवर किलचा, त्यावर निंबाचा पाला आणि वर हातभर पांढरी माती. आपल्या सोलापूर जिल्ह्यात पाऊस बेताचा, ऊन मात्र रग्गड. म्हणून असं घर इथं शोभतं आणि टिकतं. बाहेर वैशाख पेटलेला असला तरी माजघरात गार वाटायचं. पण माळवदाला दरवर्षी माती घालणारं, उंदराची बिळं बुजवणारं माणूस लागतं. मुलं नोकरीला पांगली आणि ते माणूस उरलं नाही. एका पावसाळ्यात सोप्याची तुळई बसली, आणि वाडा उतरवायचं ठरलं.

आम्ही सोलापुरात फ्लॅट घेतला. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बरोबर आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढं. अठरा खणांचा संसार या दोन खोल्यांत कसा बसवला आणि त्यात काय चुकलं, ते आज सांगायचं आहे. हल्ली अनेक घरांवर ही वेळ येते. कुणी वाड्यातून फ्लॅटमध्ये जातं, कुणी मोठ्या फ्लॅटमधून लहान फ्लॅटमध्ये.

पहिली चूक माझीच. मला वाटलं, नवं घर म्हणजे सगळं नवं हवं. वाड्यातलं सामान दिरांनी, जावांनी वाटून घेतलं. उरलेली तांब्यापितळेची मोठी भांडी मी मोडीत घातली. दुकानातून गुबगुबीत सोफासेट आणला. तो दारातून आत येईना, आणि आल्यावर त्यानं निम्मी खोली खाल्ली. आत्याबाई त्यावर एकदाही बसल्या नाहीत. आठवडाभर त्या भिंतीशी ठेवलेल्या ट्रंकेवर बसून होत्या. मी विचारलं, "आत्याबाई, वर नीट बसा की." त्या म्हणाल्या, "बसाय जागा लई हाय गं, पर माझी जागा कुठली ती सांग."

सहाव्या दिवशी त्यांनी विचारलं, "घंगाळ कुठाय?"

तांब्याचं, दोन कड्यांचं मोठं घंगाळ. त्यांच्या पाचही लेकरांना त्यातल्या पाण्यानं न्हाऊ घातलेलं. मी ते मोडीच्या भावानं, किलोवर दिलं होतं. हे दुसऱ्याच दिवशी गाडीनं गेले आणि मोडवाल्याकडं चौकशी करून आले. माल पुढं गेला होता. आत्याबाई मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून पहिला नियम असा: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारल्याशिवाय काहीही द्यायचं नाही. वस्तूची किंमत वजनावर ठरत नाही. ती कुणाच्या हातून गेली आहे, यावर ठरते. आणि ते फक्त त्या माणसालाच माहीत असतं.

यानंतर मी शहाणी झाले. गावी जावांकडं अजून बरंच सामान पडून होतं. ते पुन्हा बघायला आम्ही दोघी गेलो. या वेळी निवड करायची रीत ठरवून गेलो. विल्यम मॉरिस नावाचे एक इंग्रज कवी आणि कारागीर होऊन गेले. १८८० साली बर्मिंगहॅमच्या एका व्याख्यानात त्यांनी सांगितलं होतं की, जे उपयोगाचं आहे किंवा जे सुंदर वाटतं, तेवढंच घरात ठेवावं. अलीकडं जपानच्या मारी कोंडो यांचं पुस्तक २०११ साली आलं. त्या म्हणतात, वस्तू हातात घ्या, आनंद झाला तर ठेवा. दोघांचंही खरं आहे. पण आपल्याकडं आणखी एक गठ्ठा निघतो, आठवणीचा. म्हणून आम्ही वस्तूंचे चार ढीग केले. रोज लागणाऱ्या, रोज बघाव्याशा वाटणाऱ्या, आठवणीच्या, आणि देऊन टाकायच्या. आठवणीच्या ढिगाला मात्र मर्यादा घातली. एका आठवणीला एक वस्तू. आत्याबाईंच्या सासऱ्यांच्या पाच वस्तू होत्या. त्यांतला अडकित्ता ठेवला, बाकीच्या नातवंडांना वाटल्या. दिलेली वस्तू वापरात राहते, हेही एक समाधान असतं.

अडकित्त्यावरून पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवतं. दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. राजेरजवाड्यांच्या तलवारींपुरतंच त्यांनी पाहिलं नाही. दिवे, अडकित्ते, दौती, करंडे, दारं, स्वयंपाकघरातली भांडी अशा साध्या संसारातल्या वस्तूही गावोगाव हिंडून गोळा केल्या. अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी या संग्रहाला दिलं आणि १९७५ साली तो सारा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत तिथं. ते संग्रहालय पाहिलं की आपल्या माळ्यावरची समई वेगळी दिसू लागते. पण एक ध्यानात ठेवायला हवं. संग्रहालयात वस्तू बघायच्या असतात, घरात त्यांच्यासोबत राहायचं असतं. दोन खोल्यांत संग्रहालय मांडलं तर माणसांनी कुठं राहायचं? म्हणून माझा दुसरा नियम: जुन्या वस्तूला नवं काम द्यायचं. काम नसलेली वस्तू धूळ खाते आणि शेवटी मोडीत जाते.

काही उदाहरणं सांगते. वाड्याच्या भिंतीत सागवानी खुंट्या होत्या, घोड्याच्या मानेसारख्या वळणदार. त्यांतल्या पाच काढून एका फळीवर बसवल्या आणि ती फळी दाराजवळ लावली. छत्री, पिशव्या, किल्ल्या, यांची टोपी, सगळं तिथं. फळताळाच्या दोन झडपा होत्या. एकीला आरसा बसवला, दुसरीला पाय लावून बुटकं मेज केलं. पितळी डब्यांची आणि गडव्यांची उतरंड कोपऱ्यात तशीच रचली, तळाशी चुंबळ ठेवून. तिला जमीन लागते जेमतेम एक फूट, पण डाळी, शेंगदाणे, पोहे सगळं त्यात मावतं. लहान जागेत आडवं पसरण्यापेक्षा उभं चढावं, हे आपल्या बायकांना उतरंडीनं केव्हाच शिकवलंय.

जातं मात्र अडचणीचं. आत्याबाईंना ते हवं होतं. वरच्या मजल्यावर नेताना दोघा हमालांचा घाम निघाला. असं जड सामान खोलीच्या मध्ये ठेवू नये, भिंतीलगत ठेवावं. आम्ही ते खिडकीखाली ठेवलं आणि वर तुळशीची कुंडी मांडली. दळण आता गिरणीतच होतं, पण दिवाळीत सुनेनं हौसेनं मूठभर हरभऱ्याची डाळ त्यावर भरडली.

लाकूड घरात आणण्याआधी चांगलं उन्हात टाका. वाळवी आणि भुंगा यांचा शोध घ्या. ठोकून पाहिलं तर पोकळ आवाज कळतो. मग खिळे काढून, घासून जवसाचं तेल द्या. चकाकणारा रंग देऊ नका, त्यानं जुनं लाकूड मेकअप केलेल्या आजीबाईसारखं दिसतं. पितळेच्या भांड्यात काही शिजवणार असाल तर कल्हई करून घ्याच. आंबट पदार्थ तर कल्हईशिवाय त्यात ठेवूच नयेत.

आता रंगांचं. माझ्या घरात वाड्याचं लाकूड, पितळ, सोलापुरी चादर, वाकळ, घोंगडं, मुलानं आणलेला स्टीलचा दिवा आणि प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या. इतक्या जातींच्या वस्तू एकत्र आल्या की घर बाजारासारखं दिसायची भीती. त्यांना बांधणारा एक धागा लागतो. तो मला केममध्येच सापडला. हळदीत चुना कालवला की ती लाल होते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. कुंकवाच्या जुन्या रीतीचं मूळ त्याच गुणात आहे. म्हणजे पिवळा आणि लाल हे एकाच घरातले दोन रंग. मी तेच दोन निवडले. पण प्रमाण कपाळाकडून शिकले. कुंकू शोभतं, कारण ते टिकलीएवढं असतं. अख्खं कपाळ माखलं तर शोभा जाते. म्हणून भिंती पांढऱ्या ठेवल्या. लहान खोलीत गडद रंगाची भिंत अंगावर येते. लाल फक्त तीन ठिकाणी: दिवाणावरच्या चादरीत, उशीच्या अभ्र्यात आणि देव्हाऱ्यामागच्या कापडात. बाकी जागी हळदीची पिवळी झाक, ती पितळ आपसूक देतं.

सोलापुरी चादरीबद्दल दोन शब्द. ती जॅकार्ड मागावर विणतात, म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. एकच चादर सणाला एका बाजूनं आणि एरवी दुसऱ्या बाजूनं पसरली की खोली बदलल्यासारखी वाटते. खर्च शून्य. घोंगडंही असंच. सनगर मंडळी ते लोकरीचं विणतात, सुताला चिंचोक्याची खळ देतात. त्याचा काळा रंग पांढऱ्या भिंतीवर इतका खुलतो की चित्राची गरज राहत नाही. कसर लागू नये म्हणून अधूनमधून ऊन दाखवायचं आणि घडी घालून ठेवताना निंबाचा वाळला पाला घालायचा.

फोटोंचंही सांगते. वाड्यात सत्तावीस तसबिरी होत्या, आढ्याजवळ पुढं कललेल्या. फ्लॅटमध्ये त्या तशाच लावल्या तर पूर्वज छतातून खाली डोकावल्यासारखे दिसतात. आम्ही सात निवडल्या. बाकी फोटो काचेतून काढून अल्बममध्ये ठेवले. सातही चौकटी वेगवेगळ्या मापांच्या, पण दोन तसबिरींमध्ये सगळीकडं दोन बोटांचं अंतर ठेवलं आणि बसलेल्या माणसाच्या नजरेला येतील अशा उंचीवर लावल्या. सारखं अंतर ठेवलं की वेगळी मापंही एका कुटुंबातली वाटतात.

सामान घेण्याआधी माप कसं घ्यावं, तेही सोफ्यानं शिकवलं. आता मी जुनी वर्तमानपत्रं जोडून, वस्तूच्या लांबी-रुंदीएवढा कागद जमिनीवर पसरते आणि दोन दिवस तिथंच ठेवते. येता-जाता त्यावर पाय पडला तर ती वस्तू आणायची नाही. सोफा आम्ही एका नातलगांना दिला. त्या जागी वाड्यातला बुटका दिवाण आला, ज्याच्या पोटात अंथरुणं राहतात. आणि उरलेली जागा मोकळी ठेवली. मोकळी जागाही एक सामानच आहे, हे लक्षात यायला मला वर्ष लागलं.

आता आत्याबाईंच्या जागेबद्दल. वाड्यात माजघराच्या साण्यातून उन्हाचा कवडसा पडायचा आणि त्याच्या कडेला त्यांचा पाट असायचा. तिथून त्यांना चूल दिसायची, दार दिसायचं, येणारं-जाणारं कळायचं. फ्लॅटमध्ये अशी जागा कुठली, ते मी शोधायला लागले. स्वयंपाकघराच्या दाराजवळ सकाळी ऊन येतं आणि बाहेरचं दारही दिसतं. तिथं त्यांचा पाट मांडला. गुडघे दुखतात म्हणून सुतारानं त्याला वीतभर पाय लावून दिले. शेजारी भिंतीत देवळीसारखं छोटं फडताळ केलं. त्यात कुंकवाचा करंडा, चंची, चष्मा आणि अडकित्ता.

त्या दुपारी त्या स्वतःच उठून पाटावर जाऊन बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ती उतरंड जरा डावीकडं सरकव. हितनं दार दिसत न्हाई."

मी सरकवली. तेव्हापासून आमच्या घरात काय कुठं असावं, हे त्या ठरवतात. लोक येतात, विचारतात, सजावट कुणाकडून करून घेतली? मी पाटाकडं बोट दाखवते. घंगाळाची जागा मात्र न्हाणीघरात अजून मोकळीच आहे. तिथं दुसरं काही ठेवावं, असं मला वाटत नाही.